आधी काढून ठेवलेलं हसू

विनोदी कार्यक्रमात प्रेक्षकांचं हसू आधीच चित्रित करून ठेवतात, हे मला माझी मुलगी अशा एका कार्यक्रमात निवडली गेली तेव्हा कळलं. कार्यक्रम मुलांचा, छोटी प्रहसनं, सगळी कामं मुलांचीच. शूटिंग नाशिकबाहेर, भाड्याने घेतलेल्या लग्नाच्या हॉलमध्ये. सातपूरच्या कंपनीत रजा टाकून मी तिला घेऊन गेलो. मुलं मेकअपला बसली असताना आम्हा पालकांना खुर्च्यांवर बसवलं आणि कानाला हेडफोन लावलेला एक तरुण म्हणाला, आता हसा. समोर स्टेज रिकामं. थोडं हसा, खूप हसा, डोळे पुसा, शेजारच्याला टाळी द्या. मी जीव ओतून हसलो. त्याने मला अंगठा दाखवला तेव्हा छाती फुगली होती. आज त्या हसण्याची किळस येते.

दुपारी तिचं प्रहसन झालं. ती अकरा वर्षांची, अंगाने भरलेली. तिच्या बापाचं काम करणारा मुलगा मध्येच म्हणाला, "ही सायखेड्याच्या अरुंद पुलावर चढली की पलीकडची एसटी थांबते." तालमीत हे वाक्य नव्हतं. ती बोलायची थांबली आणि तिने खुर्च्यांकडे, माझ्याकडे पाहिलं. मी स्वतःच्या बुटांकडे पाहू लागलो. तोंड उघडलं तर तिलाच काढून टाकतील, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. तिचं ते गप्प होणं दिग्दर्शकाला फार आवडलं.

भाग लागला तेव्हा शेजारीपाजारी आमच्याकडेच जमले होते. ते वाक्य आलं आणि लगेच पडदाभर माझा चेहरा. हसतोय, डोळे पुसतोय. घरातले सगळे आणखी जोरात हसले. मुलगी उठून आत गेली. मी मागोमाग जाऊन सांगू लागलो की ते हसू सकाळचं, तेव्हा तू स्टेजवर नव्हतीसच.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो खरंच बोलला तेव्हा तुम्ही काय केलंत, पप्पा?"



दुसऱ्या दिवशी त्या हेडफोनवाल्याचा फोन आला. पुलाचा जोक लय चाललाय, म्हणाला, आता ती रिक्षात बसते आणि रिक्षा मागे उलटते, असं करू. तोंडाला येईल ते मी त्याला बोललो. त्याला काही लागलं नाही.

"दादा, मनाला कशाला लावून घेताय? सगळ्यात भारी तर तुम्हीच हसला होतात."

ती येणार नाही, असं ओरडून मी फोन कापला. वळलो तर ती दारात उभी. आता तरी तिला बरं वाटेल, असं मला वाटलं.

"तिथे गप्प बसलात," ती म्हणाली, "आणि इथे माझं काम घालवलंत. मला विचारलंत?"

तिला काम हवं होतं. ते वाक्य नको होतं. एवढी साधी गोष्ट मला ना त्या हॉलमध्ये कळली, ना घरात.

तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि स्पीकरवर टाकून त्याला लावला. मी येते, पण माझ्या अंगावरचा जोक नको, पुढच्या प्रहसनातलं सरपंचाचं काम द्या, असं तिने त्याला न अडखळता सांगितलं.

"बघू गं, बाळा," तो हसत म्हणाला.

"बघू नाही," मी म्हणालो. "आत्ता सांगा."

"बघू म्हटलं ना, दादा," तो म्हणाला. मी पुन्हा तेच म्हणालो. ती फोनकडे बघत होती, माझ्याकडे नाही.