बाहेर जाण्याच्या अकरा नोंदी

मी पुण्याहून बंगळूरला आले आणि बेळ्ळंदूरजवळच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला लागले, तेव्हा माझं टेबल सुप्रीताअक्कांच्या टेबलाला लागून होतं. आमचा विभाग आंतरराष्ट्रीय प्रकल्पांचा. परदेशी सरकारांच्या निधीवर चालणारे प्रकल्प. त्यांत आमची माणसं काही महिने तिकडच्या विद्यापीठात जाऊन काम करायची, तिकडची इथे यायची. कागदावर याला प्रतिनियुक्ती म्हणतात, बोलताना सगळे सेकंडमेंट म्हणत. कोण कधी गेलं, किती दिवस राहिलं, परत आलं की नाही, हे सगळं अक्का बघत. एकवीस वर्षं बघत होत्या.

अक्का तेव्हा पन्नाशीच्या होत्या, जयनगरला धाकट्या बहिणीकडे राहत. घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांचं मराठी पहिले आठ दिवस मला नीट कळेना. 'थोडं' म्हणायचं तिथे 'स्वल्प', 'बरं' म्हणायचं तिथे 'सरी'. नियम वाचताना त्या ओळीखाली स्टीलची पट्टी धरत आणि पट्टी एक-एक ओळ खाली सरकवत. कोणी म्हटलं, "अक्का, एका दिवसाने काय होतं?" तर म्हणत, "एका दिवसाने महिना मोडतो." आमच्या प्रकल्पांच्या करारात तशी अटच होती. मुक्काम किमान तीस दिवस सलग हवा. एकोणतीस झाले तर एकही धरला जाणार नाही.

आणखी एक शिस्त त्यांची स्वतःची होती. परदेशी जाणाऱ्याने फाटकाचं कार्ड त्यांच्याकडे जमा करायचं. त्या ते लिफाफ्यात घालत, लिफाफा चिकटवत, चिकटवलेल्या जागेवर दोघांच्या सह्या होत आणि लिफाफा लोखंडी कपाटात जाई. दर शुक्रवारी त्या फाटकाच्या नोंदी उघडून त्यातलं एकही कार्ड वापरलं गेलं नाही ना, हे बघत. माणूस कागदावर तिकडे आणि अंगाने इकडे, असं कोणी कधी म्हणू नये, एवढ्यासाठी.

दोन हजार चोवीसच्या जानेवारीत वादिराज फिनलंडला गेला. तो आमच्याकडचा सूक्ष्मदर्शकांचा तंत्रज्ञ, छत्तीस वर्षांचा, लग्न न केलेला. तलावांच्या पाण्यावरचा प्रकल्प होता, तीन महिने जायचं होतं. घरी वडील एकटे. भीमाचार्य त्यांचं नाव. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, बनशंकरीला राहणारे. खालच्या मजल्यावरच्या गोदूबाई त्यांना दोन वेळचं जेवण देत.

दहा जानेवारीला त्याचा तिकडचा पहिला दिवस. पंचवीसला भीमाचार्यांना अर्धांगाचा झटका आला. दोन-तीन दिवसांत दवाखान्यातून घरी सोडलं, पण उजवा हात आणि पाय गेला. एकोणतीसला, सोमवारी, वादिराजचा अक्कांना फोन आला. अक्कांनी तो स्पीकरवर घेतला होता, म्हणून मी ऐकला.

"अक्का, अप्पांचा उजवा हात हलत नाही. आठ दिवसांसाठी येऊन जाऊ का?"

"आज विसावा दिवस वादिराज. आत्ता आलास तर एकोणीस दिवस पाण्यात. आठ तारखेला तीस भरतात. नऊला नीघ."

"दुसरी काही सोय नाही का नियमात?"

"नाही," अक्का म्हणाल्या.

फाइल त्यांच्यासमोरच होती. त्यांनी ती उघडली नाही. हे मला आठवतं, कारण एरवी त्या वेळ सांगायलासुद्धा फाइल उघडत.

तो म्हणाला, "सरी अक्का," आणि फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी त्यांनी नेहमीसारख्या नोंदी उघडल्या आणि मला हाक मारली. "स्वानंदी, इकडे ये. हे तू वाच."

वादिराजच्या कार्डाच्या पाच नोंदी होत्या. सोमवार ते शुक्रवार, रोज तीन चाळीसला. पाचही बाहेर जाण्याच्या. आत येण्याची एकही नव्हती.

अक्का उठल्या, कपाट उघडलं. लिफाफा जागेवर होता. सह्यांची शाई फुटलेली नव्हती. त्यांनी तो उजेडात धरला. आतलं कार्ड दिसत होतं. मग त्यांनी फाटकाची यंत्रणा सांभाळणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, यंत्र ठीक आहे, कार्ड टेकलं म्हणूनच नोंद झाली. पहारेकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, त्या वेळी फाटक एकदा आपोआप उघडतं खरं, वाऱ्याने उघडत असेल. ते फाटक लोखंडी आहे, छातीएवढं.

अक्कांनी वादिराजला व्हिडिओ कॉल लावला. तो टेबलाशी बसला होता, मागे खिडकीत बर्फ.

"बरा आहेस ना?"

"बरा आहे. दुपारी जेवायला बसलो की स्वल्प झोपेसारखं होतं. इथली माणसं म्हणतात, हाक मारली तरी तू बघत नाहीस." मग तो हसला. "पण अप्पा सुधारतायत अक्का. गोदूबाई म्हणाल्या, रोज दाढी केलेली असते, चेहरा ताजा असतो. न्हावी तुम्ही लावून दिलात ना?"

अक्कांनी न्हावी लावला नव्हता. त्यांनी घराचा पत्ता तेवढा विचारून घेतला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्या बनशंकरीला गेल्या. पुढचं त्यांनी मला सोमवारी सांगितलं, अगदी हळू, प्रत्येक वाक्यानंतर थांबत.

त्या पोचल्या तेव्हा सव्वाचार झाले होते. गोदूबाई जिन्यातच भेटल्या. "दाढी कोण करतं?" अक्कांनी विचारलं. गोदूबाई म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही ऑफिसातून कोणाला पाठवता. मी साडेपाचला चहा घेऊन जाते, तेव्हा झालेली असते. किल्ली तर माझ्याकडेच आहे." त्यांनी किल्ली दिली आणि त्या खालीच थांबल्या.

भीमाचार्य पलंगावर उशांना टेकून बसले होते. खांद्यावर टॉवेल. शेजारच्या स्टुलावर वाटीभर पाणी, त्यातून वाफ येत होती. त्यांचा डावा गाल गुळगुळीत होता आणि उजव्या गालावर साबणाचा फेस तसाच. वस्तरा वाटीच्या कडेला टेकवलेला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात गॅस थंड होता, अक्कांनी हात लावून बघितला.

"सुप्रीता ना तू?" भीमाचार्य म्हणाले. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. "वादिराज सांगत असतो तुझं."

"आचार्य, वादिराज फिनलंडला आहे."

"हो. तिथूनच येतो. तू आलीस म्हणून थांबला." ते पलंगाच्या उजव्या बाजूला बघत होते, माणूस उभा असताना बघतात तितकं वर. "तू स्वल्प बाहेर थांब. साबण वाळतोय."

अक्का बाहेर आल्या. आपण का आलो, हे त्यांना पुढे कधी सांगता आलं नाही. म्हाताऱ्या माणसाने सांगितलं, म्हणून आल्या. दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून वस्तऱ्याचा आवाज येऊ लागला. केसांवरून ओढल्याचा, मग पाण्यात खळबळल्याचा, मग वाटीच्या कडेवर दोनदा आपटल्याचा. पुन्हा ओढल्याचा. हे पाच-सात मिनिटं चाललं. मध्ये भीमाचार्य एकदा "हळू" म्हणाले.

आवाज थांबल्यावर त्या आत गेल्या. चेहरा स्वच्छ होता. हनुवटीखाली बारीक कापलं होतं आणि रक्ताचा थेंब मानेवर उतरत होता. भीमाचार्यांचा उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, डावा चादरीखाली. अक्कांनी टॉवेलच्या टोकाने ती जागा दाबून धरली. त्वचेला अजून पाण्याची ऊब होती.

घरी येऊन त्यांनी करार काढला, परिशिष्टांसकट, आणि पट्टी धरून पहिल्या ओळीपासून वाचला. चौथ्या परिशिष्टात ते कलम होतं. घरातलं माणूस गंभीर आजारी असेल तर कळवून मुक्काम थांबवता येतो. झालेले दिवस बुडत नाहीत, परत गेल्यावर पुढे मोजले जातात. सात ओळींचं कलम. हा करार येऊन दीड वर्ष झालं होतं आणि या पानापर्यंत त्या कधी गेल्या नव्हत्या. जुन्या करारांत अशी सोय नव्हती, म्हणून यातही नसेल असं त्यांनी धरलं होतं.

त्यांनी तेव्हाच वादिराजला फोन केला. "चूक माझी झाली. कलम आहे. लगेच नीघ."

"आता पाचच दिवस राहिलेत अक्का," तो म्हणाला. "आणि अप्पा तर सुधारतायत. नऊचं तिकीटही काढलंय."

सांगायला हवं होतं, असं त्या मला म्हणाल्या. दाढी कोण करतं ते फोनवर सांगायला हवं होतं. पण काय शब्द वापरायचे, हे त्यांना सुचलं नाही. "तू ये" एवढंच त्या तीनदा म्हणाल्या, आणि तो "येतोच" म्हणाला.

आठ फेब्रुवारीला, गुरुवारी, तीस दिवस भरले. त्याच दुपारी भीमाचार्य गेले. गोदूबाई चहा घेऊन वर गेल्या, तेव्हा ते उशीला टेकलेले होते, दाढी झालेली, टॉवेल घडी करून पायाशी ठेवलेला. वाटीतलं पाणी कोमट होतं. फाटकावर त्या दिवशीही तीन चाळीसची नोंद होती. सगळ्या मिळून अकरा. बेळ्ळंदूरहून बनशंकरीला त्या वेळी जायला सव्वा तास लागतो, आणि त्या शनिवारी सव्वाचारलाच आचार्यांची अर्धी दाढी झालेली होती.

वादिराज दहाला पोचला. दिवसकार्य उरकून पंधरवड्याने तो ऑफिसात आला. डोकं भादरलेलं, डोळे कोरडे. अक्कांच्या समोर बसला आणि बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

"अप्पांच्या हनुवटीखाली खळी आहे," तो म्हणाला. "तिथे ब्लेड अडकतं. त्या शनिवारी कापलं. तेवढं एक मनात राहिलंय."

अक्कांनी त्याला कापल्याचं सांगितलं नव्हतं. गोदूबाईंनाही ते माहीत नव्हतं. मी माझ्या टेबलाशी बसून ऐकत होते.

"तुला आठवतं ते?" अक्कांनी विचारलं.

"आठवत नाही. हाताला माहीत आहे."

मग अक्कांनी त्याला सगळं सांगितलं, नोंदींपासून त्या अर्धवट लोटलेल्या दारापर्यंत, आणि कलमाचंही पुन्हा, चूक आपली म्हणून. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं अक्का म्हणत.

महिन्याच्या अखेरीस दाखला पाठवायचा होता. सदर कर्मचारी तीसही दिवस यजमान संस्थेत प्रत्यक्ष हजर होता आणि या काळात स्वतःच्या संस्थेत नव्हता, असं लिहून खाली अक्कांनी सही करायची. तिकडच्या विद्यापीठाने हजेरी पाठवली होती, रोजची सही वादिराजच्याच हातची. प्रकल्पप्रमुख यशोवर्धन सर म्हणाले, "फाटकाचं यंत्र बिघडलं होतं असं समजा आणि सही करा."

अक्कांनी सही केली नाही. निधी देणाऱ्या कार्यालयाला त्यांनी पत्र लिहिलं. सल्ला चुकीचा आपण दिला, ते अकरा दिवस कलमाप्रमाणे थांबवलेले धरावेत, सोबत फाटकाच्या नोंदी जोडल्या आहेत. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. कलम मागाहून लागू करता येत नाही. यजमान संस्थेने हजेरी दिली असल्याने तीसही दिवस ग्राह्य आहेत. नोंदींबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मग अक्कांनी सही केली. त्या दिवशी त्या डबा न उघडता घरी गेल्या.

उरलेल्या दोन महिन्यांसाठी वादिराज परत गेला नाही. तो अजून आमच्याकडेच आहे, कामात चोख. फक्त दुपारी कोणी त्याला हाक मारली आणि त्याने पटकन ओ दिली नाही, तर आजूबाजूचे सगळे गप्प होतात.

अक्कांनी पट्टी टाकली नाही की शिस्त सोडली नाही. पण आता जाणाऱ्या माणसाला त्या आधी चौथं परिशिष्ट वाचून दाखवतात, मोठ्याने, सातही ओळी. गेल्या महिन्यात ईरा नावाची मुलगी चार महिन्यांसाठी निघाली होती. कलम ऐकून ती म्हणाली, "पण माझ्या घरी सगळे ठणठणीत आहेत मॅडम."

"सरी," अक्का म्हणाल्या आणि वही तिच्यापुढे सरकवली. "घरी कोणकोण असतं, ते लिही. शेजारी कोण, तेही लिही. मी जाऊन येत जाईन."