रंगुबाईंच्या मेंढ्यांची खूण

माझा मित्र बिरदेव चहा बशीत ओतून प्यायचा, चपला जोडीने लावायचा, सुचलेलं तळहातावर लिहायचा. आटपाडीच्या दुष्काळात मदतीचा चारा वाटायला त्याने ओपन सोर्स ब्लॉकचेन, म्हणजे संगणकावरची सगळ्यांना खुली नोंदवही, वापरली. कुणाला किती मिळालं ते सगळ्यांना दिसे. नोंद गुपचूप बदलता येत नसे. चारा घेताना यंत्रावर अंगठा लावावा लागे. पण मेंढरं राखणाऱ्या रंगुबाईंचा झिजलेला अंगठा यंत्र घेईना, म्हणून त्यांना चारा मिळेना.

"आरं, मी हाय, मेंढरं हायत. यंत्रालाच दिसत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या.

धनगर आपली मेंढी कानाला पाडलेल्या खाचेच्या खुणेवरून ओळखतात. तीच खूण अंगठ्याऐवजी चालवू, असं बिरदेवने त्यांना सांगितलं.

मंगळवारी शिरवळजवळ अपघातात तो गेला. मला अजून खरं वाटत नाही. त्याच्या लॅपटॉपवर चाऱ्याच्या यादीत रंगुबाईंचं नाव आहे. खुणेची जागा रिकामी आहे.