वाऱ्याचा कार्यक्रम

पद्मजाताई केळुसकरांनी आजवर शेकड्यांनी माणसं परदेशी पाठवली आणि स्वतः मात्र ठाकूरद्वार ते दादर एवढाच प्रवास केला. दादरच्या एका जुन्या टूर कंपनीत त्या सहलींचे कार्यक्रम आखायच्या. कुठल्या दिवशी कुठला राजवाडा, जेवण कुठे, बस कधी सुटणार, सगळं त्यांच्या टेबलावर ठरायचं. पाहुण्याला मोकळं बसू द्यायचं नाही, हे जुन्या मालकांनी, बाबुरावांनी, त्यांना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मोकळा बसला की त्याला गुडघे आठवतात, घर आठवतं आणि मग तो तक्रारी करतो. म्हणून त्यांच्या कार्यक्रमात सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत श्वास घ्यायला जागा नसे. मध्येच एखाद्या दिवशी परक्या देशात गरमागरम पिठलं-भात वाढला, की पाहुणे खूश होऊन पुढच्या वर्षीचं नाव नोंदवून जायचे.

बाबुराव गेले आणि त्यांचा मुलगा हेरंब मालक झाला. एकदा तो खुर्ची ओढून पद्मजाताईंच्या समोर बसला.

"काकू, सीनियर सिटिझन टूर्स आता बास. यंग क्राउड आणू या. काइटसर्फिंग. श्रीलंकेत कल्पिटिया म्हणून जागा आहे, ऑगस्टमध्ये वारा एकदम मस्त."

"ते काय असतं रे?"

हेरंबने मोबाइलवर दाखवलं. माणूस कमरेला भला थोरला पतंग अडकवतो, पायाखाली फळी घेतो आणि वारा त्याला पाण्यावरून ओढत नेतो. पद्मजाताईंना नुसतं बघूनच दम लागला. तसा त्यांना हल्ली कशानेही दम लागायचा. रमाकांतरावांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून घर, ऑफिस आणि पुन्हा घर या रहाटगाडग्यात त्या पार पिळून निघाल्या होत्या.

तरी कार्यक्रम त्यांनी नेटका केला. मंगळवारी सकाळी काइटसर्फिंग, दुपारी डच किल्ला. बुधवारी विल्पट्टूच्या जंगलात बिबटे. गुरुवारी सकाळी परत काइटसर्फिंग, दुपारी मुन्नेश्वरमचं देऊळ, रात्री पिठलं-भात. कल्पिटियाला पतंग शिकवणाऱ्या दिलानी नावाच्या बाईंना त्यांनी तो पाठवून दिला, आणि बाईंचा लगेच फोन आला. मंगळवारी सकाळी वारा नसला तर काय करायचं, असं त्या इंग्रजीत विचारत होत्या.

"बुधवारी करा," पद्मजाताई म्हणाल्या.

"बुधवारी तुम्ही बिबटे बघताय."

हा पेच पद्मजाताईंना उभ्या नोकरीत पडला नव्हता. राजवाडे सोमवारी बंद असतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. दिलानीबाई समजुतीने म्हणाल्या, की सगळे दिवस रिकामे सोडा, मुलं किनाऱ्यावर बसतील, वारा आला की उठतील. पद्मजाताईंनी हो हो म्हटलं आणि नव्या कार्यक्रमातून किल्ला काढून तिथे मिठागरं घातली. दिलानीबाईंनी तोही परत पाठवला. शेवटी हेरंबनेच किल्ला, बिबटे, देऊळ सगळ्याला काट मारली. "काकू, इतकं ठासून भरलं तर पोरं मरतील," तो हसत म्हणाला. ताईंना ते लागलं, पण वाद घालायचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

नावनोंदणी झाली आणि ऑफिसात वेगळेच फोन सुरू झाले. येणारी मुलं चांगली कमावती, दाढ्यामिशांची. पण त्यांच्या आया फोन करून विचारत होत्या, सोबत मोठं कोण आहे?

"काकू, तुम्ही जा ना," हेरंब म्हणाला. "पाण्यात उतरायचं नाही. नुसतं किनाऱ्यावर बसायचं. आयांना बरं वाटेल."

"छे रे, ह्यांना टाकून कशी जाऊ?" त्या सवयीने म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलं होतं. पूर्वी त्यात मुलाची दहावी असायची, मग सासूबाईंचं आजारपण आलं. मुलगा कॅनडात गेला, सासूबाई वारल्या, वाक्य राहिलं. पासपोर्ट तेवढा त्या मुदत संपली की न चुकता नवा करून घेत. आतली पानं कोरीच.

संध्याकाळी बसमध्ये त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला जायचंय. पतंग गेला खड्ड्यात. एका किनाऱ्यावर, जिथे आपल्याला कोणी हाक मारणार नाही, तिथे वाऱ्याची वाट बघत बसून राहायचंय. इतकं हवंसं त्यांना कित्येक वर्षांत काही वाटलं नव्हतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

घरी रमाकांतराव खिडकीशी बसले होते. दिवसभराचं त्यांचं सगळं ताईंनी लावून दिलेलं असे. सकाळी शेजारचे जोशी पेपर वाचून दाखवायला, दुपारी पोळ्यांच्या कमलाबाई, मग व्यायाम करून घेणारी मुलगी, मध्ये ऑफिसातून ताईंचे फोन. माणूस एकटा बसला की खचतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवून ताई म्हणाल्या, "अहो, हेरंब मला श्रीलंकेला जा म्हणतोय. आठवडाभर."

"जा की."

इतक्या चटकन होकार येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्या घाईघाईने बोलत सुटल्या. "डोंबिवलीच्या भाच्याला, पुष्करला बोलावते, तो रात्री झोपायला येईल. कमलाबाई दोन्ही वेळा येतील. जोशींना सांगते, संध्याकाळीही जरा बसा म्हणून. मी तिथून फोन करीनच."

"पुष्कर नको."

"मग वन्संना बोलावू?"

"कोणी नको, पद्मा." झटक्यानंतर त्यांचं बोलणं संथ झालं होतं, शब्द जुळवून आणावे लागत. "कमलाबाईंनी डबा ठेवला की झालं. जोशींना पण सुट्टी दे. मला आठवडाभर कोणी काही विचारायला नको. चाललात का, औषध घेतलंत का, बरं वाटतंय का. मी फार दमलोय गं."

एवढं रक्ताचं पाणी केलं ते ह्यांना जाच वाटला? चांगलं सुनवावं असं ताईंच्या मनात आलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. रमाकांतराव खाली मान घालून बसले होते. बोलू नये ते बोलून गेलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आपण दमलोय हे ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आल्या होत्या. हा माणूस ते आज पहिल्यांदा बोलत होता.

"पडलात बिडलात तर?" त्यांनी विचारलं, पण आवाज खाली आला होता.

"जोशींना हाक मारीन. भिंतीपलीकडेच तर आहेत."

"आणि मी फोन नाही करायचा?"

"रविवारी कर," ते म्हणाले.

पद्मजाताई स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं. मग पदराने तोंड पुसून त्यांनी हेरंबला फोन लावला आणि माझं नाव घाल म्हणून सांगितलं.