वॉल्टची बदली

ओहायोतल्या एका वाचनालयाच्या तळघरात दर मंगळवारी म्हाताऱ्यांचं टोळकं एक काल्पनिक तारायान चालवायचं. यानाच्या वहीत सभासदांच्या सेवेच्या नोंदी डोरीन लिहायची. यानावर कुणी मरायचं नाही, असा नियमच होता. सभासद गेला की त्याची दूरच्या ठाण्यावर बदली व्हायची.

नवऱ्याला, वॉल्टला, पुरल्यावरच्या मंगळवारी ती आलीच.

“राहू दे, आज मी लिहितो,” यानाचा कप्तान रूडी म्हणाला.

“तुझं अक्षर तुला तरी लागतं का?”

तिनं लिहिलं: मुख्य इंजिनिअर वॉल्ट, दूरच्या ठाण्यावर बदली. खाली आणखी एक ओळ लिहिली: लेखनिक डोरीन, त्याच ठाण्यासाठी अर्ज.

रूडी वाचून चष्मा पुसत बसला. “अर्ज नामंजूर. पुढच्या मंगळवारी हजर व्हायचं.”

“बरं,” ती म्हणाली आणि निघताना सवयीनं खुंटीवर वॉल्टचा कोट शोधू लागली.