किती घरांचा पारा

शेवटची बैठक रविवारी संध्याकाळी झाली. माडीवरच्या खोलीत आम्ही तिघे होतो: माझी मोठी बहीण कुंदाताई, मी आणि माझी अकरावीतली मुलगी रेणू. चहाचे कप मात्र पाच मांडलेले होते, कारण ताई दर रविवारी पाचच मांडायची, कोणी येवो न येवो. त्या दिवशी कोणी आलं नाही. उठताना मी म्हणालो, घरातल्या पाचही ट्यूबलाइट काढून एलईडी पट्ट्या लावतो, वीजबिल तरी उतरेल. ती म्हणाली, "लाव. माही शेवटी काढजो." मंगळवारी सकाळी मी उरला औद्योगिक वसाहतीतल्या ऑफिसात पोचतच होतो, तेवढ्यात माझ्या बायकोचा, सुनीताचा फोन आला. "अहो, ताई उठून नाही राहिल्या..." रात्री झोपेतच गेली होती. आता दीड महिना होत आला, तरी ते वाक्य माझ्या कानात अर्धंच आहे. पुढे काहीतरी असेल, असं वाटत राहतं.

ताई रसायन आणि भौतिकशास्त्र यांच्या सीमेवरच्या विषयात काम करायची. डॉक्टरेटची वर्षं बाहेरगावी मोठ्या प्रयोगशाळेत काढून ती रायपूरला परत आली, कॉलेजात शिकवलं, लग्न केलं नाही आणि निवृत्तीनंतरही माडीवर कॉम्प्युटरपुढे बसून गणितं करत राहिली. तिचा विषय होता पारा. थर्मामीटरमधला पारा सगळ्यांना ठाऊक आहे: चकचकीत, वाहता धातू. पण त्याचा एकटा अणू धातू नसतो. दोन अणू जवळ आले, दहा आले, तरी ते नुसते एकमेकांना टेकून असतात, प्रत्येकजण आपलं आपल्यापाशी ठेवून. घोळका वाढत गेला की एका टप्प्यावर इलेक्ट्रॉन कोणा एकाचे राहत नाहीत, सगळ्यांचे होतात. तेव्हा तो घोळका धातू होतो. हा बदल कुठे होतो ते शोधायचं, हे तिचं आयुष्यभराचं काम. मी रोलिंग मिलच्या हिशोब खात्यातला माणूस. जेवताना मी विचारायचो, "म्हणजे किती अणू? आकडा सांग."

"तुले काहून आकडाच पायजे रे, नंदू?"

"त्याच्याबिगर नोंद कुठं करू?"

"असा एक आकडा नाही न बाबू. थोडे असले तर नाही, लई असले तर हो. मधात हळूहळू होऊन राह्यते. मी त्या मधातच बसली आहो."

अणू तर डोळ्यांना दिसत नाही, मग हे कळतं कसं, असं रेणूने लहानपणी विचारलं होतं. रेणूला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. तिच्या पिढीची आमच्याकडची सगळीच पोरं तशी. ताईने एक जुनी सीडी काढली, तिच्या खोलीतल्या ट्यूबलाइटखाली तिरपी धरली आणि म्हणाली, "पाह्य." सीडीवर रंगांचा पट्टा उमटला आणि त्यात एक हिरवी, एक जांभळी रेघ वेगळी चमकत होती. "बाकी रंग काचेच्या आतल्या पावडरीचे. ह्या दोन रेघा पाऱ्याच्या. ट्यूबमधी त्याची वाफ असते. एकटा अणू आपली रेघ नेमक्या जागी दाखवते. शेजारी कोणी आलं, की रेघ जराशी सरकते, फाकते. किती सरकली त्याच्यावरून समजते, शेजारी किती अन् किती जवळ." रेणू म्हणाली, "मतलब आत्या, पड़ोसी से रंग बदल जाता है?" ताई इतकी खूश झाली, की तिने तिला सीडी देऊनच टाकली.

आमच्याकडे वस्तीलाही पाराच म्हणतात. हा छत्तीसगढी शब्द इथल्या मराठी घरांतही रुळलेला आहे. नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झाली, त्या सुमाराची गोष्ट. अर्ज केले की आता कामं होतात, असा सगळ्यांचा समज होता. एका सकाळी कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार साहूभैया चार-पाच जणांना घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "दीदी, आप मन पारा ऊपर रिसर्च करथव न? त हमर पारा के नाली घलो देख लेव." कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की डॉक्टरदीदी पाऱ्यावर संशोधन करतात, मग वस्तीचं गटारही त्यांनीच पाहावं! मी हसू दाबत आत पळालो. मला वाटलं, ताई त्यांची चूक दुरुस्त करेल. तिचा आवाज आला, "हव, देख लेती हूँ." मग तिने खरंच गल्लीतून फिरून नाली कुठे तुंबते ते पाहिलं, अर्ज लिहिला, साहूभैयांना घेऊन दोनदा कचेरीत गेली. पुढे नाली झाली. मी चिडवलं, "हे कोणत्या पेपरात छापशील?" म्हणाली, "तो माणूस बरोबर बोलला रे. किती घरं जमली की पारा होतो, हाच त माहा विषय आहे."

त्यानंतर घरं मोजून पारा आहे की नाही ते ठरवायचं, हा आमच्यात खेळच झाला. आई-बाबा होते तेव्हा आमच्या गल्लीत मराठी घरं अकरा होती, बहुतेक रेल्वेतली, विदर्भातून आलेली. रविवारी ती मंडळी ताईच्या खोलीत जमायची. वाद, थट्टा, कुणाच्या पोट्टीचं लग्न, कुणाच्या वांग्याच्या भाजीत तिखट किती... आमच्या बोलण्याची रेघ त्या खोलीत सरकलेली असायची. बाहेर हिंदी बोलणारे आम्ही तिथे मले-तुले करायचो. मग कोणी निवृत्त होऊन नागपूरला गेलं, कोणी नव्या रायपुरात फ्लॅट घेतला, कोणी वारलं. शेवटी आमचं एकच घर राहिलं. कधीमधी कोणी जुना शेजारी डोकावायचा. मी म्हणायचो, "ताई, आता पारा नाही उरला. मांडू नको पाच कप." ती म्हणायची, "आकडा कोणी ठरवला? तू?"

ती गेल्यावर मला कळलं, की दिवसभरात माझ्याशी तुले-मले करणारी ती एकटीच होती. सुनीता मला अहो-जाहो करते. ऑफिसात हिंदी. रेणूचं तर सांगितलंच. आता नंदू म्हणणारं कोणी नाही. एकट्या अणूची रेघ म्हणे परत आपल्या नेमक्या जागी येते. मी रोज पाहतो, माझी काही आलेली नाही.

गेल्या रविवारी इलेक्ट्रिशियन धनेश आला. ताईने सांगितल्याप्रमाणे चार खोल्या आधी करून घेतल्या आणि तिची शेवटी ठेवली. त्याने शिडीवर चढून ट्यूब काढली, पट्टी बसवली, बटण दाबलं. खोली लख्ख झाली. रेणू कधी येऊन उभी राहिली होती, कळलं नाही. तिच्या हातात ती सीडी होती. ती तिरपी करत, फिरवत म्हणाली, "पापा, लाइन चली गई।" मी पाहिलं. सलग पट्टा होता, सुंदर, सगळे रंग असलेला... हिरवी रेघ नव्हती.

मी धनेशला म्हणालो, "वापस लगा दो भैया, पुरानी वाली।"

"पुरानी? बिल ज्यादा आही."

"आने दो।"

त्याने ट्यूब परत बसवली. ती दोनदा फडफडली, मग लागली. रेणू सीडीवर वाकलेली होती. "आली," ती म्हणाली. "पापा, हिरवी दिसून राहिली."

मी काही म्हटलं असतं, तर ती भानावर येऊन परत हिंदीत गेली असती. सुनीता चहा घेऊन वर आली, ट्रेमध्ये पाच कप. धनेशला धरून आम्ही चौघे झालो. हा पारा झाला की नाही, हे ताईला विचारायला वर पाहिलं, तर तिथे ट्यूबच होती.

जाताना धनेश म्हणाला, "चार का ही हुआ न भैया?" मी म्हणालो, पाच. त्या खोलीत तर तू दोनदा चढलास. त्याला पाच फिटिंगची मजुरी दिली. एक पट्टी परत खोक्यात ठेवली.