म्हातारीची शेवटची झुंज

आमच्या मामाने प्रिंटरला लाथ घातलेली आहे, शटरला डोकं हाणलेलं आहे आणि "माझ्या वेळेला किंमत आहे" म्हणणाऱ्या एका धिप्पाड गिऱ्हाइकाला कॉलरला धरून थेट रस्त्यात नेऊन सोडलेलं आहे. गल्लीत त्याला 'हातोडी' म्हणतात. तोंडावर एकदाच कुणीतरी म्हणालं होतं. तो माणूस आता फार हळू बोलतो, जबडा दुखतो म्हणे.

हेच हात ग्राफिक्स कार्डाला लागले की मात्र वेगळेच. रंगाच्या ब्रशने धूळ झाडणार, चिप गार ठेवणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावणार, वर फुंकर. "काय गं, दम लागला? बस जरा." माझ्या आईशी, सख्ख्या बहिणीशी, इतक्या प्रेमाने तो अजून एकदाही बोललेला नाही.

त्याचं लाडकं कार्ड म्हणजे म्हातारी. दहा-बारा वर्षांपूर्वीचं, एक पंखा काळा, दुसरा भलत्याच कार्डाचा, पांढरा. खेळातली चित्रं पडद्यावर रंगवायची हे या कार्डांचं काम. सेकंदाला जितकी जास्त चित्रं, तितका खेळ सुळसुळीत. म्हातारीचा दम मोठा होता.

दुकान बाबांचं आणि मामाचं, निम्मं-निम्मं. पुढे बाबांचं काउंटर, मागे मामाचं दुरुस्तीचं टेबल. बाबांना ते टेबल काढून काचेचं कपाट हवं होतं, आत दिवे आणि फक्त नवी कार्डं. बाबा बोलायला लागले की लिफ्टमधली बाई बोलतेय असं वाटतं. "आपण ना. काळाबरोबर. चाललं पाहिजे."

"चला की. मी कुठे पाय धरलेत तुमचे?" मामा.

"तुझ्या टेबलाने धरलेत."

"मग झुंज लावा, दाजी. म्हातारी हरली तर टेबल बाहेर. जिंकली तर कपाटाचं नाव काढायचं नाही."

झुंज ही मामाचीच रीत. यंत्र एकच, खेळ एकच, त्यातला जळत्या पुलाचा प्रसंगही तोच. आधी एक कार्ड, मग दुसरं. आपलं कार्ड आपणच बसवायचं, दुसऱ्याने बोटही लावायचं नाही. आणि हरेल त्याने आपलं कार्ड आपल्या हाताने दुकानाच्या पायरीवर ठेवून हातोडीने फोडायचं. त्या पायरीला खड्डे पडलेत. स्वस्तातली नवी कार्डं मिरवत आलेली कितीतरी पोरं तिथून रडत गेलीत.

बाबांनी मात्र स्वस्तातलं आणलं नाही. तीन पंख्यांचं, विटेएवढं कार्ड आणलं. पंच म्हणून शेजारचा झेरॉक्सवाला. तो प्रत्येक वाक्याच्या दोन प्रती काढतो. "चालू करा. चालू करा म्हणतो मी."

म्हातारी बसली. पूल पेटला, माणसं कोसळली, पंखे किंचाळले. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाच्या चित्रांचा आकडा आला: बावन्न.

"बावन्न. बावन्न बरं का!"

मग बाबांनी विटेचा मान राखत कार्ड खाचेत दाबलं, वीज जोडली, मॉनिटरची केबल मागे दिसेल त्या भोकात खुपसली. पूल पेटला. माणसं अडखळत पडायला लागली, जणू पडावं की नाही ते विचारून येत होती.

"अकरा. अकराच हो!"

मामा असा हसला की खुर्चीवरून घसरला. "दाजी, कार्ड आणलंत की पोळपाट?"

बाबा पांढरे पडले, मग लाल. "तू केलंयस काहीतरी. चोर आहेस तू. पहिल्यापासून."

आणि त्यांनी मामाच्या कानाखाली काढली.

मामा क्षणभर कानावर हात ठेवून उभा राहिला. मेहुण्यावर हात टाकावा की नाही, याचा विचार करत असावा. फार वेळ नाही केला. त्याचं कपाळ बाबांच्या नाकावर आदळलं, नारळ फुटावा तसा आवाज झाला. बाबांनी कीबोर्ड उचलून मामाच्या तोंडावर घातला. बटणं लाह्यांसारखी उडाली, त्यांच्यात एक दात होता. मामाने बाबांना उचलून खोक्यांच्या ढिगात फेकलं. बाबांनी त्याचा पाय ओढून त्याला खाली घेतलं आणि पोटरीला कडकडून चावा घेतला. रोज ताटावर बसताना चमचा सरळ ठेवणारे आमचे बाबा!

"सोडा! सोडा म्हणतो मी!" झेरॉक्सवाला काउंटरवर चढून ओरडत होता.

आई धावत आली. आधी तिने मेन स्विच पाडला, मग बादलीभर पाणी दोघांवर ओतलं. "माणसं आहात की कोण? अहो, तोंड बघा आरशात! आणि तू रे? दाजी आहेत ना ते तुझे?"

"आधी त्यांनी मारलं, ताई."

"पंचेचाळिशीचा झालास!"

मामा उठला. एक डोळा मिटलेला, शर्टावर रक्त. यंत्राचं झाकण उघडून त्याने ती वीट उपसली. "रीत म्हणजे रीत," म्हणत पायरीवर ठेवली आणि हातोडी बाबांपुढे धरली. बाबा नाक धरून बसले होते, घेईनात. तेव्हा मामानेच हातोडी उगारली.

आणि तशीच राहिली. त्याचा डावा हात कार्डावर होता.

"थंड आहे," तो म्हणाला.

"म्हणजे? म्हणजे काय?" झेरॉक्सवाला.

पूल जाळून आलेलं कार्ड हाताला चटका देतं. हे पाण्याच्या माठासारखं गार. त्याचे पंखे तर तापल्याशिवाय फिरतच नाहीत, म्हणून थांबलेले बघून कुणाला शंका आली नव्हती. मामाने यंत्राच्या मागे वाकून पाहिलं. केबल वरच्या भोकात होती, मदरबोर्डच्या, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्याच. कार्डाला मॉनिटर जोडलेलाच नव्हता. ती अकरा चित्रं काढली होती यंत्राने, स्वतःच्या घरगुती ताकदीवर.

हे त्याच्याशिवाय कुणाला कळलं नसतं. एक घाव घातला असता तर टेबल त्याचं होतं.

"ही लढलीच नाही," मामा रक्त थुंकून म्हणाला. "गाढव आहात, दाजी."

त्याने स्वतः कार्ड बसवलं, केबल खाली लावली, आईला स्विच वर करायला सांगितलं. पूल पेटला. ज्वाळेतली एकेक ठिणगी दिसत होती, माणसं लोण्यावरून घसरावीत तशी कोसळत होती.

"एकशे चव्वेचाळीस," झेरॉक्सवाला म्हणाला. एकदाच.

मामाने म्हातारी उचलली, पायरीवर ठेवली. बाबा नाकातला बोळा धरून म्हणाले, "अरे, राहू दे. झालं ते झालं."

"मग त्या पोरांना त्यांची कार्डं का फोडायला लावली मी?"

पहिल्या घावाला पांढरा पंखा उडाला. दुसऱ्याला काळा. तो मारतच राहिला, हिरव्या तुकड्यांचा भुगा होईपर्यंत, आणि प्रत्येक घावाला त्याच्या तोंडातून रक्ताचा थेंब पडत होता. मग आत जाऊन त्याने टेबल उलटं केलं, पायांचे स्क्रू काढले आणि एकट्याने दुकानामागच्या जिन्याखाली नेऊन मांडलं.

कपाट आलं. दिवे लागले. जिन्याखाली आता मामा बसतो, डोकं वर केलं की जिन्याची पायरी लागते आणि तो पायरीला ठोसा मारतो.

परवा बाबा जिन्याखाली गेले. फडक्यात गुंडाळलेली वीट हातात, नाक अजून वाकडं. "आवाज करतंय रे हे. त्या दिवशी दणका बसला असेल."

मामाने ब्रश खाली ठेवला नाही. त्याच्यासमोर कुणा पोराचं जुनाट कार्ड उघडं पडलं होतं.

"रांगेत थांबा, दाजी."

जिन्याखाली दुसरं कुणीच नव्हतं. बाबा थांबले.