गावडे सरांची फुल बॉडी

चहा घ्या आधी, मग सांगते. ही गोष्ट ऐकताना अर्धी माणसं हसतात, अर्धी माझ्याकडे बघून गप्प होतात, आणि दोन्ही वेळेला चहा गार होतो. असा घोळ घालून ठेवलाय मी, की अजून रस्त्यात पिवळी गाडी दिसली तरी मी फुटपाथवर चढून उभी राहते. मग ती टॅक्सीची पिवळी पट्टी का असेना.

तेव्हा मी रे रोडला एका डिटेलिंग स्टुडिओत कामाला होते. स्टुडिओ म्हणजे काय, लाकडाच्या वखारींच्या मधली एक शेड. बाहेर दिवसभर करवतीचा कर्कश आवाज आणि आत एसीत उभ्या राजेशाही गाड्या. त्या गाड्यांच्या रंगावर आम्ही पारदर्शक फिल्म चढवायचो. दगड उडाला, कुणी घासून गेलं, तर मार फिल्म खाते आणि रंग वाचतो. कस्टमरने फक्त ठरवायचं की फिल्म कुठे कुठे हवी. नुसता पुढचा भाग, म्हणजे बंपर, बॉनेट, आरसे? की दारं, छप्पर, डिकी सगळं धरून फुल बॉडी?

आणि हे ठरवायला त्यांना मदत करणार कोण, तर मी. सायकॉलॉजी घेऊन बी.ए. झालेली, आणि फोन वाजला तरी खुर्चीत उडणारी.

साळवी सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला घेतलं ते त्यासाठीच असावं. बाकीचे सेल्सवाले भीती दाखवायचे. माझ्याकडे ती घरचीच होती. मी मनापासून घाबरून बोलायचे आणि कस्टमर आपोआप पुढच्या भागावरून दारांवर आणि दारांवरून छपरावर जायचे.

घरची भीती म्हणते, ती गंमत म्हणून नाही. आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहतो. आमच्याकडे रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड. मिक्सरला टोपी, फ्रिजला झगा. बाबा गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, आतला कुणी आला नसेल तर आत, नाहीतर परत घरी. नाव कायम व्हायला आलं आणि संप झाला. मग गिरणी उघडलीच नाही त्यांच्यासाठी. पुढे सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बिल्डिंगांच्या गेटवर काढली, वॉचमन म्हणून. त्यामुळे आमच्या घरात "कायम" हा शब्द देवाच्या नावासारखा घेतला जातो. मी कामाला लागल्यापासून बाबांचा रोज संध्याकाळी एकच प्रश्न. "जेवलीस का?" नाही, "दमलीस का?" नाही.

"कायम केलं का?"

"नाही बाबा, अजून ट्रायलवर आहे."

"म्हणजे बदली."

आणि टीव्हीकडे तोंड.

तर एक दिवस साळवी सर म्हणाले, "रसिका, उद्या एक गावडे म्हणून येतायत. नवी कोरी स्पोर्ट्स कार आहे, टू-सीटर. त्यांना फक्त फ्रंट हवंय. तू त्यांना फुल बॉडीवर आण. आणलंस की पहिल्या तारखेपासून तू परमनंट."

सांगा, मी काय करणार होते?

गावडे सर आले. पन्नाशी ओलांडलेले, बारीक चणीचे, शर्ट इस्त्रीचा, आणि गाडी अशी पिवळी की डोळे मिटले तरी दिसत राहील. राहायला प्रभादेवीच्या टॉवरमध्ये, पण बोलायला लागले तसं कळलं की माणूस परळच्या चाळीतला, तळकोकणातला. हॉस्पिटलांना खाटा पुरवायचा धंदा. आयुष्यात एकदाच स्वतःसाठी काहीतरी घेतलं होतं.

"अगो, पुढच्या बाजूला लाव म्हणजे झालं," ते म्हणाले. "दगड काय मागून उडणार आहे?"

"सर, दगड नाही उडणार," मी म्हटलं, "पण हातगाडीवाला वळतो तेव्हा त्याचा दांडा बरोबर दाराच्या उंचीला येतो."

"तेही खरंच."

"आणि छपरावर कबुतरं. त्यांच्या घाणीने रंग खाल्ला जातो सर. वर खिडकीत कुंडी असते, ती लोक वाळत घातलेल्या चादरीबरोबर खेचतात. गणपतीत लालबागला अडकलात तर गुलाल. मुलांचा सीझन बॉल. आणि डिकीला टेकून लोक सेल्फी काढतात, बॅगेची चेन घासत."

गावडे सरांचा चेहरा उतरत चालला होता. काचेपलीकडून साळवी सरांनी मला अंगठा दाखवला. तिथेच थांबायला हवं होतं, एवढं आता कुणीही सांगेल.

"बरं, सगळीकडे लावली," गावडे सर म्हणाले. "आणि फिल्मलाच ओरखडा गेला तर?"

"बारीक असेल तर उन्हाने आपोआप भरतो सर."

"आणि मोठा असेल तर?"

"तेवढा तुकडा काढून नवा लावतो."

"म्हणजे फिल्मलाही जपायला हवं."

दुसरी कुणी असती तर हसून विषय बदलला असता. मी खरंच विचार केला. "तसं बघितलं तर हो सर," मी म्हटलं. "आमच्याकडे रिमोटच्या पिशवीवर अजून एक पिशवी आहे."

गावडे सर माझ्याकडे असे बघायला लागले, जसं परक्या गावात आपल्या आळीतलं माणूस भेटावं.

"माझ्या आईकडे टी-सेट होता," ते म्हणाले. "निळ्या फुलांचा. बापाच्या बोनसमधून घेतलेला. काचेच्या कपाटात ठेवला. पाहुणे आले तरी स्टीलचे पेले. आम्ही पोरं त्या कपांकडे बघत चहा प्यायचो. मग संप झाला. भांडी गेली, घड्याळ गेलं, शेवटी आईने टी-सेट काढला. दुकानदार काय म्हणाला ठाऊक आहे? बाई, नवा कोरा आहे हो. चांगला भाव दिला त्याने. महिनाभराचा तांदूळ आला घरात."

बाहेरच्या करवतीचा आवाज नेमका तेव्हाच थांबलेला.

तुम्हाला वाटेल, आता हा माणूस म्हणणार की असलं जपून काय उपयोग, एकदा तरी त्यातून चहा प्यायला हवा होता. मलाही तसंच वाटलं.

गावडे सर म्हणाले, "एक जरी कप वापरला असता ना, तर तांदूळ आला नसता."

आणि मी, सायकॉलॉजीची पदवीधर, काय म्हणाले असेन?

"बरोबर आहे सर."

झालं. त्यांनी मान हलवली, थोडा वेळ गाडीकडे बघितलं आणि विचारलं, "न चालवलेल्या गाडीला फिल्म लागते का गो?"

"न चालवलेल्या... नाही लागत सर."

"कापडी कव्हर आहे?"

"आहे सर."

"ते दे."

साळवी सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन केबिनमधून बाहेर आले तेव्हा आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दोन्ही हातांनी कापडी कव्हर पोटाशी धरून उभं होतं. तेही मी कॉम्प्लिमेंटरी म्हणून दिलेलं.

पण घोळ तर पुढेच आहे. गावडे सर किल्ली घेऊन गाडीत बसले, शटर वर गेलं, आणि समोरून सागाचे ओंडके भरलेला ट्रक गेला. मागोमाग एक हातगाडी. गावडे सर उतरले.

"बाहेर कशी काढू मी ही?"

"सर, टोइंगवाला बोलावतो," साळवी सर म्हणाले.

"टोइंगवाले चेन लावतात," मी म्हटलं. माझ्या तोंडातून निघालंच ते. "आणि उतरवताना बंपर खाली घासतो."

साळवी सरांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी तुम्हाला करून दाखवू शकत नाही.

गाडी राहिली आत. आमच्याकडे फिल्म चढवायची बंद खोली एकच, धूळ येऊ नये म्हणून केलेली, आणि तिच्यात ही पिवळी कव्हर घालून झोपलेली. बाकीच्या गाड्या बाहेर लाकडाच्या भुशात उभ्या. गावडे सर रोज संध्याकाळी यायचे, स्टूल घेऊन गाडीशेजारी बसायचे, कव्हराचं एक टोक उचलून बघायचे, परत खाली सोडायचे. चहा मी द्यायचे. दवाखान्यात पेशंटजवळ बसावं तसं आम्ही दोघं बसायचो. फिल्म चढवणारे अन्वरभाई दाराशी येऊन म्हणायचे, "मॅडम, सरको बोलो, गाडी है, गुजर नहीं गयी."

"रसिका," साळवी सर एकदा म्हणाले, "मी स्टुडिओ काढलाय की पाळणाघर? त्यांच्या डोक्यात हे तूच भरलंस ना? मग तूच बाजूला बस आणि गाडी त्यांच्या घरी पोचव. नीट पोचली तर तुझ्या नोकरीचं बघू. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

म्हणजे आता कायम होणं राहिलं बाजूला, बदलीवरच टाच.

रविवारी निघालो, रस्ते मोकळे म्हणून. तसल्या गाडीत मी आयुष्यात पहिल्यांदा बसत होते आणि आम्ही चाललो होतो अंत्ययात्रेच्या वेगाने. मी दोन्ही पायांनी नसलेला ब्रेक दाबत होते. "सर, उजवीकडे स्कूटर. सर, पुढे बाई आहे, पिशवी आहे तिच्या हातात. सर, कुत्रा." गावडे सरांचा शर्ट पाठीला चिकटलेला. लालबागला एक हातगाडी आम्हाला मागे टाकून गेली. हातगाडीवाल्याने वाकून आत बघितलं आणि अगदी काळजीने विचारलं, "शेठ, धक्का मारू काय?"

परळ ओलांडलं, पूल ओलांडला, आणि खरं सांगते, प्रभादेवीला त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शिरलो तेव्हा गाडीला धुळीशिवाय काहीही लागलेलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"सर, उजवीकडे कुणाची तरी मोटरसायकल आहे," मी म्हटलं. "डावीकडे घ्या. अजून थोडी. अजून."

त्यांनी घेतली. इंजिन बंद झालं. मी सुस्कारा सोडून दाराच्या हँडलला हात घातला आणि मांडीवरचा फोन वाजला. साळवी सर. पोचलात का विचारायला.

मी दचकले. दार माझ्या हातातून सुटलं आणि डावीकडच्या सिमेंटच्या खांबावर जाऊन बसलं. तो आवाज मी तुम्हाला सांगत नाही. चहा पिताय तुम्ही.

गावडे सर उतरले, वळसा घालून आले, वाकले. दाराच्या कडेपासून आत ओरखडा गेला होता, खोल, खालचा पत्रा दिसेल असा. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मी अंग चोरून कशीबशी बाहेर आले आणि रडायला लागले. फोन वाजतच होता.

गावडे सर तिथेच कट्ट्यावर बसले. रुमालाने मान पुसली. "गेली," ते म्हणाले. "गेली एकदाची." आणि ज्या माणसाला मी इतके दिवस खांदे वर ओढून बसलेला बघत होते, त्याचे खांदे खाली आले.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन स्टुडिओत हजर. एकटे, आणि जोरात. साळवी सरांनी हात जोडले. दार रंगवून देतो म्हणाले, वर फुल बॉडी फिल्म आमच्याकडून, एक पैसा नको, फक्त कुठे बोलू नका.

"फिल्म लाव," गावडे सर म्हणाले. "दाराला रंग लावायचा नाही."

"साहेब, वैसाच ऊपर से चढायेगा तो वो अंदर रहेगा, हमेशा के लिए," अन्वरभाई म्हणाले.

"राहू दे. रंगवलात तर ती परत कोरी होईल. मग मी परत स्टुलावर."

ते केबिनमधून गेल्यावर मी हळूच साळवी सरांना म्हटलं, "सर, फुल बॉडी झाली तर मला परमनंट..."

"फुल बॉडी मी दिली, रसिका," ते म्हणाले. "त्यांनी विकत घेतली नाही." थोडं थांबून म्हणाले, "काढत नाही तुला. ट्रायल चालू राहील. पण यापुढे कस्टमरने पैसे भरल्याशिवाय तू तोंड उघडायचं नाही."

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, टीव्हीचा आवाज कमी करून. रिमोट पिशवीतूनच दाबून.

"म्हणजे ओरखडा कायम झाला," बाबा म्हणाले.

"हो."

"आणि तू बदली."

"हो बाबा."

त्यांनी आवाज वाढवला.

फिल्म चढवून गाडी तयार झाली त्या संध्याकाळी गावडे सर ती घ्यायला आले. माझीही सुटायची वेळ झाली होती. डावीकडचं दार त्यांनी स्वतः उघडून धरलं. "बस, नायगावला सोडतो. तुझ्या चाळीसमोर उतरवतो, बघू दे लोकांना."

माझ्या डोळ्यांसमोर नायगाव आलं. चौकात क्रिकेट खेळणारी पोरं, वरून पडणाऱ्या बादल्या, कोपऱ्यावर वळणाऱ्या बसेस.

"नको सर, मी बसने जाते."

"अगो, आता कसली भीती? फुल बॉडी केलीय."

"ती गाडीला सर," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. दार लावून घेतलं आणि गेले, वखारीच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत एकदाही ब्रेक न लावता. मी बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. रस्त्यापासून जरा आतच.